व्यायामात खंड पडल्यावर पुन्हा वजन उचलताना: कुठून सुरुवात करायची आणि कोणत्या क्रमाने वाढवायचं

चार-पाच महिन्यांनी माणूस जिममध्ये परततो, वही उघडतो, शेवटचा आकडा बघतो आणि बारवर तेवढंच वजन चढवतो. घोळ असा की पुष्कळदा ते उचललंही जातं. मग त्याला वाटतं, काही गेलंच नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही आणि पाचव्या आठवड्यात गुडघा धरून बसायची वेळ येते.

हा लेख खंडापूर्वी निदान पाच-सहा महिने नियमित व्यायाम केलेल्यांसाठी आहे. पहिल्यांदाच वजन हातात घेणाऱ्यांनी हे आकडे वापरू नयेत. त्यांच्याकडे परत जाण्यासारखी जुनी पातळीच नसते.

आधी एवढं समजून घ्या: शरीर सगळं एकाच वेगाने विसरत नाही

सगळ्यात आधी जातो दम. व्यायाम थांबल्यावर काही दिवसांतच रक्तातला द्रवभाग कमी होऊ लागतो. कसलेल्या धावपटूंची आणि सायकलपटूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता पहिल्या तीन आठवड्यांतच ७ टक्क्यांच्या आसपास घसरलेली मोजली गेली आहे.

ताकद त्या मानाने चिवट असते. दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीत ती फारशी हलत नाही, कारण तिचा मोठा हिस्सा मेंदू आणि नसांच्या कामात असतो: एका वेळी किती तंतू कामाला लावायचे, कोणत्या क्रमाने, कोणता स्नायू सैल सोडायचा. सायकल चालवणं विसरत नाही तसं हे.

आकाराचं गणित वेगळं आहे. आठ-दहा दिवसांत दंड बारीक दिसू लागले म्हणून लोक घाबरतात. त्यात बराच भाग पाण्याचा असतो. स्नायूत साठवलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत, म्हणजे साखरेच्या साठ्यासोबत, साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. साठा घटला की पाणीही जातं आणि व्यायाम सुरू झाला की आठवडाभरात परत येतं. खरी झीज त्यानंतरची.

‘मसल मेमरी’ म्हणतात ती काय? वाढताना स्नायुतंतू शेजारच्या पेशींकडून जादा केंद्रकं घेतो. ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवर दाखवलं की स्नायू बारीक झाला तरी ही केंद्रकं टिकून राहतात. माणसांत चित्र इतकं स्पष्ट नाही. पण परत येणं पहिल्यांदा कमावण्यापेक्षा लवकर होतं, हे माणसांतही दिसलं आहे. फिनलंडमधल्या युवस्कुला विद्यापीठाच्या २०२४ च्या अभ्यासात एका गटाने सलग २० आठवडे व्यायाम केला, दुसऱ्याने १० आठवडे करून १० आठवडे सुट्टी घेतली आणि पुन्हा १० आठवडे केला. शेवटी दोन्ही गट जवळपास सारख्याच ठिकाणी होते.

मग घाई केली तर काय बिघडतं? दोन गोष्टी. अंगदुखीपासूनचं संरक्षण आणि कंडरांची तयारी. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जिमच्या भाषेत टेंडन. या दोन गोष्टी ताकदीच्या गतीने परत येत नाहीत. खालचा सगळा क्रम याच एका कारणासाठी आहे.

टप्पा १: खंड कोणत्या प्रकारचा होता ते ठरवा

‘तीन महिने गेलो नाही’ एवढ्यावर भागत नाही. त्या तीन महिन्यांत तुम्ही काय करत होता, हे जास्त महत्त्वाचं.

फक्त जिम सुटली, पण चालणं, जिने, घरकाम, मुलांना उचलणं चालू होतं, तर नुकसान सगळ्यात कमी. अंथरुणाला खिळून काढलेले दिवस याच्या कितीतरी पट महाग पडतात. त्यात हातांपेक्षा मांड्या आणि पोटऱ्या लवकर उतरतात, कारण एरवी शरीराचा भार तेच पेलत असतात. प्लॅस्टरमध्ये ठेवलेला पाय तर पंधरवड्यात डोळ्यांना दिसेल इतका बारीक होतो. अशा वेळी सुरुवातीचं वजन नेहमी कमजोर बाजूवरून ठरवायचं. चांगल्या पायाला ते हलकं वाटलं तरी चालेल.

किती आठवड्यांत परतायचं, याचा माझा ढोबळ हिशेब असा:

- दोन आठवड्यांपर्यंत खंड: पहिले एक-दोन दिवस हलके, मग नेहमीसारखं.
- तीन ते आठ आठवडे: तीन-चार आठवड्यांत जुन्या पातळीवर.
- दोन ते सहा महिने: सहा ते दहा आठवडे.
- त्याहून जास्त: दहा ते सोळा आठवडे.

साठी ओलांडली असेल किंवा खंडाचा बराच काळ अंथरुणात गेला असेल, तर यादीतली एक पायरी खालची, म्हणजे जास्त आठवड्यांची धरा.

> थांबा: खंडाचं कारण शस्त्रक्रिया, बाळंतपण, हृदयाचा त्रास, हाड मोडणं किंवा मोठा संसर्ग असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय टप्पा २ कडे जाऊ नका. तापाच्या आजारानंतर छातीत दुखणं, धडधड किंवा थोड्याशा श्रमाने दम लागणं जाणवलं, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देऊ नका. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात आणि त्या अवस्थेत केलेला व्यायाम धोक्याचा असतो.

टप्पा २: वहीतून योग्य आकडा काढा

इथे होणारी चूक ठरलेली आहे. लोक वहीतला सगळ्यात मोठा आकडा बघतात, म्हणजे ज्या दिवशी सगळं जमून आलं होतं तो. तो बाजूला ठेवा. खंडाच्या आधीच्या शेवटच्या साध्या महिन्यात नेहमीचे सेट कोणत्या वजनाने होत होते, ते शोधा. (रेप म्हणजे व्यायाम एकदा पूर्ण करणं, सेट म्हणजे न थांबता सलग केलेल्या रेप्स.)

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बसून उठणं) ८० किलोने, ८ रेप्सचे ४ सेट असा चालू होता आणि खंड पाच महिन्यांचा आहे.

दोन महिन्यांच्या आतला खंड असेल तर नेहमीच्या वजनाच्या ७० टक्के, दोन ते सहा महिन्यांचा असेल तर ५० ते ६० टक्के, त्यापुढे ४० ते ५० टक्के. शिवाय सेट निम्मे. आपल्या उदाहरणात ४५ किलोने ८ रेप्सचे २ सेट. पूर्वी एका दिवसात ४ × ८ × ८० म्हणजे २५६० किलो उचलले जात होते, आता ७२०. जेमतेम २८ टक्के. एवढंसंच? हो, एवढंसंच.

वही नसेल तर रिकाम्या बारने सुरू करा आणि दर सेटला थोडं वाढवत जा. ८ रेप्स झाल्यावर ‘अजून चार-पाच झाल्या असत्या’ असं ज्या वजनाला वाटेल, ते तुमचं सुरुवातीचं वजन. तिथेच थांबा. जास्तीत जास्त किती उचलतं ते पहिल्या दिवशी आजमावू नका. त्यातून कळतं फक्त ताकदीचं, आणि ती चिवट असते हे आपल्याला आधीच ठाऊक आहे.

> तपासा: शेवटच्या सेटची शेवटची रेप पहिल्या रेपइतक्याच वेगाने वर आली का? वेग मंदावला असेल तर वजन जास्त आहे. मन काय म्हणतं यापेक्षा बारचा वेग जास्त खरं बोलतो.

जाता जाता एक बारीकसारीक गोष्ट. हाताचे घट्टे गेलेले असतात. डेडलिफ्ट किंवा पुलअप पूर्वीसारखे मारले तर तळहाताची कातडी आधी सोलते आणि त्यापायी आठवडा वाया जातो. हे मी दोनदा केलं आहे.

टप्पा ३: पहिला आठवडा

सगळा लेख वाचायचा नसेल तर निदान हा भाग वाचा. बहुतेक घोटाळे याच सात दिवसांत होतात.

आठवड्यात तीन दिवस, मध्ये एकेक दिवस मोकळा. तिन्ही दिवस सगळ्या शरीराचा व्यायाम: बसून उठण्याचा एक प्रकार, कमरेतून वाकण्याचा एक, ढकलण्याचा एक, ओढण्याचा एक आणि पोट-पाठ ताठ धरण्याचा एक. प्रत्येकाचे दोन सेट.

पूर्वी ‘आज छाती, उद्या पाठ, परवा पाय’ अशी वाटणी असेल तर ती महिनाभर बाजूला ठेवा. वाटणीत एकाच स्नायूवर एका दिवशी बारा-पंधरा सेट पडतात. सवय मोडलेल्या स्नायूला ते झेपत नाहीत. तेच सेट तीन दिवसांत विखुरले तर काम होतं आणि हात डोक्यापर्यंत वरही जातो.

अंगदुखी मुख्यतः वजन खाली आणताना होते, म्हणजे स्नायू ताणाखाली लांबत असतो तेव्हा. एकदा असा मार बसला की स्नायू पुढच्या वेळेसाठी सावध होतो आणि तोच व्यायाम पुन्हा केल्यावर कमी दुखतं. हे संरक्षण काही आठवडे, कधी काही महिने टिकतं. लांब खंडानंतर ते उरलेलं नसतं. म्हणून पहिल्या आठवड्यात मुद्दाम संथपणे खाली येणं, चालते लंज (दर पावलाला गुडघा वाकवत पुढे जाणं), उतारावरून धावणं, उड्या हे टाळा. सेट संपेपर्यंत दम काढायचा, अगदी रेप अडकेपर्यंत मारायचं, हेही नको.

मित्राबरोबर पैज तर नकोच. घड्याळ लावून शंभर स्क्वॉट वगैरे.

शंभरचा आकडा उगाच घेतला नाही. २०११ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघातले १३ खेळाडू सुट्टीनंतरच्या कडक व्यायामामुळे रुग्णालयात दाखल झाले. त्यांच्या सरावात वेळ लावून १०० स्क्वॉट होते, तेही स्वतःच्या कमाल वजनाच्या निम्म्या वजनाने. विशीतली, धडधाकट, रोज खेळणारी पोरं. वजन कमी होतं, मार बसला तो रेप्सच्या संख्येचा. ‘मी हलक्यानेच करतोय’ म्हणत रेप्स वाढवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

> थांबा: लघवी गडद तपकिरी किंवा कोलासारखी झाली, स्नायू टणक सुजले, हात-पाय वाकवता येईनात किंवा दुखणं नेहमीच्या अंगदुखीपेक्षा फारच तीव्र असलं, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. हे रॅब्डोमायोलिसिस असू शकतं: स्नायू फुटून त्यातला मायोग्लोबिन हा पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. घरातली वेदनाशामक गोळी घेऊन वाट बघत बसू नका. तशा काही गोळ्या मूत्रपिंडावरचा ताण आणखी वाढवतात.

पहिल्या दिवसानंतर संध्याकाळी काहीच दुखत नाही म्हणून ‘फारच हलकं झालं’ असा निकाल देऊ नका. दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं. निदान ४८ तास जाऊ द्या.

> तपासा, दुसऱ्या दिवसाच्या व्यायामाआधी: सांधे पूर्ण वाकतात का? खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येतं का? दोन्ही होत असेल तर ठरलेलं करा. नसेल तर वजन तेच ठेवून एकच सेट करा. घरी बसून राहण्यापेक्षा हलकी हालचाल बरी.

टप्पा ४: दुसऱ्या आठवड्यापासून काय आधी वाढवायचं

क्रम असा: आधी सेट, मग वजन, सगळ्यात शेवटी वेग आणि उड्या. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची. वजन आणि सेट दोन्ही एकदम वाढवले आणि काही दुखलं, तर कशाने दुखलं ते कळत नाही आणि मग माणूस दोन्ही सोडून देतो.

आपल्या उदाहरणात:

- पहिला आठवडा: ४५ किलो, ८ रेप्सचे २ सेट
- दुसरा: ४५ किलो, ३ सेट
- तिसरा: ५० किलो, ३ सेट
- चौथा: ५५ किलो, ३ सेट
- पाचवा: ६० किलो, ३ सेट
- सहावा: ६५ किलो, ३ सेट
- सातवा: ६५ किलो, ४ सेट
- आठवा ते दहावा: ७०, ७५, ८० किलो, ४ सेट

सुरुवातीला आठवड्याला साधारण १० टक्के, पुढे त्याहून कमी. खांद्यावरून वर ढकलणं किंवा दंडाचे व्यायाम यात उडी आणखी लहान घ्या. तिथे अडीच किलोसुद्धा मोठी पायरी असते.

हा केवळ माझा भित्रेपणा नाही. अमेरिकेतल्या ताकद-प्रशिक्षकांच्या दोन संघटनांनी २०१९ मध्ये एकत्र दिलेल्या सूचनांमध्येही दमाच्या सरावाचं (कंडिशनिंगचं) काम पहिल्या आठवड्यात ५० टक्क्यांनी कमी ठेवून मग ३०, २० आणि १० टक्के कमी असं चढवत नेण्याचा क्रम आहे. तो तरुण, पूर्णवेळ खेळाडूंसाठी आहे. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी जिमला जाणाऱ्यांनी त्याहून सावकाश जावं, असं माझं मत.

टप्पा ५: फसवा काळ, तिसरा ते सहावा आठवडा

पहिला आठवडा जपून काढणारेही इथे सापडतात. अंगदुखी थांबलेली असते, दर आठवड्याला आकडा वाढतोय, कपडे दंडावर घट्ट व्हायला लागलेत. वाटतं, उगाच कशाला पाच-पाच किलोने जायचं, एकदम वीस चढवू.

स्नायू तयार असतो, कंडरा नसते. तिला रक्तपुरवठा कमी असतो आणि तिचे धागे बदलायचा वेग संथ असतो. स्नायू जितकं खेचतो तितकं सहन करायला ती आणखी काही आठवडे घेते. एकदा आठ महिन्यांच्या खंडानंतर मी चौथ्या आठवड्यात ही चूक केली. गुडघ्याच्या वाटीखाली बोटभर जागा दुखायला लागली आणि ते जायला पाच महिने लागले. खंडापेक्षा फार कमी नाही.

स्नायूचं दुखणं आणि कंडरेचं दुखणं ओळखायला शिका. स्नायू पसरट दुखतो, दोन्ही बाजूंना दुखतो, तीन-चार दिवसांत जातो. कंडरा एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखते: वाटीच्या खाली, कोपराच्या बाहेरच्या बाजूला, टाचेच्या मागे, खांद्याच्या पुढे. सकाळी ती जागा आखडलेली असते, वॉर्मअप केल्यावर मोकळी होते आणि दुसऱ्या दिवशी परत येते. या मधल्या मोकळेपणाला फसून लोक आठवडेच्या आठवडे त्यावरच व्यायाम करतात.

> तपासा, व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी: ती जागा कालच्यापेक्षा जास्त दुखते का? नाही, तर ठरल्याप्रमाणे पुढे. हो, तर दोन आठवड्यांपूर्वीच्या वजनावर जा आणि उड्या, झटके बंद करा.

पूर्ण आराम हा त्यावर उपाय नाही, कारण भार मिळाल्याशिवाय कंडरा मजबूत होत नाही. वजन कमी करा, वर-खाली तीन-तीन सेकंद घ्या, पण भार चालू ठेवा. दोन आठवड्यांत फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

टप्पा ६: दमाचं वेगळं बघा

स्क्वॉटचा सेट अर्ध्यात सुटला तो पाय थकले म्हणून की धाप लागली म्हणून? परतल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात बहुधा धाप. सेटमध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती घ्या, घड्याळ लावून. वजनं नसतील त्या दोन-तीन दिवशी २० ते ३० मिनिटं भराभर चाला किंवा सायकल चालवा, सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने. दम लवकर जातो, पण लवकर सुधारायलाही लागतो.

टप्पा ७: आहार आणि झोप

दिवसाला शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांना साधारण त्यापलीकडे फारसा जास्त फायदा दिसलेला नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खंडात पोट सुटलेलं असतं, म्हणून पहिल्याच दिवशी कडक डाएटही सुरू होतं. ही दोन कामं एकदम काढू नका. उपाशी शरीर दुरुस्तीला मागे पडतं. पहिला महिना पोटभर खा, सात-आठ तास झोपा. वजन काट्यावर किलो-दीड किलो वाढलं तर बिचकू नका, त्यात ग्लायकोजेनबरोबर परतलेलं पाणी असतं.

टप्पा ८: पुढच्या खंडाची सोय आत्ताच

खंड पुन्हा पडणारच. परीक्षा, बदली, घरातलं आजारपण, काहीतरी येतंच. जिम पूर्ण सुटण्याआधी आठवड्यातला एक दिवस वाचवता आला तर बघा. अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम शाखेत १६ आठवडे व्यायाम केलेल्या लोकांचं काम पुढे ३२ आठवडे कमी केलं गेलं: एका गटाचं एक तृतीयांशावर, दुसऱ्याचं एक नवमांशावर. मिळवलेली ताकद दोन्ही गटांत बरीचशी टिकली. तरुणांच्या स्नायूंचा आकारही टिकला, साठीपुढच्यांचा टिकला नाही. म्हणून वय जास्त असेल तर एकाऐवजी दोन दिवस वाचवा.

वेळ कमी पडला की लोक नेमकं उलट करतात: वजन उतरवतात आणि रेप्स तेवढ्याच ठेवतात. टिकवण्यासाठी सेट कमी करा, वजन तसंच ठेवा. आपल्या उदाहरणात आठवड्यातून एकदा, नीट वॉर्मअप करून, ८० किलोचे ८ रेप्सचे एक-दोन सेट. वॉर्मअप धरून वीस मिनिटं लागतात. आणि त्या दिवसाचीही वहीत तारखेसकट नोंद करा, पुढच्या वेळी टप्पा २ ला तीच उपयोगी पडेल.